बारा व्होल्ट होते, तरी पंखा फिरेना

मे महिन्यातला शनिवार, सकाळचे साडेअकरा, खंबाटकी घाट, आणि आमच्या गाडीत हीटर फुल. चारी काचा खाली. मागच्या सीटवर मुलगी डोक्यावर ओला नॅपकिन घेऊन बसलेली. बायको माझ्याकडे बघतही नव्हती. शेजारच्या ट्रकचा क्लीनर मात्र टक लावून बघत होता. हे लोक उन्हाळ्यात शेकत का बसलेत, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

घाटात गाड्या अडकल्या होत्या. पहिला गियर, दहा फूट पुढे, ब्रेक. एरवी मधोमध असणारा टेंपरेचरचा काटा शिरवळ सोडेपर्यंत जागचा हलला नव्हता, आणि घाटात तो एकेक रेघ वर सरकायला लागला. हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला छोटा रेडिएटरच. इंजिनातलं तेच गरम कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, त्यातून फिरतं, म्हणून हीटर सोडला की थोडी उष्णता इंजिनातून आपल्या अंगावर येते. काटा लाल पट्टीच्या जरा अलीकडे थांबला. वर पोचायला पाऊण तास लागला. उतार लागला, गाडी पळायला लागली आणि काटा पाच मिनिटांत जागेवर आला.

काय झालंय ते घाटातच कळलं होतं. एका वळणावर इंजिन चालू ठेवून उतरलो, बॉनेट उघडलं, तर रेडिएटरमागचा पंखा ढिम्म. गाडी पळत असते तेव्हा समोरून येणारा वारा रेडिएटरला पुरतो, पंख्याचं काही काम नसतं. तो लागतो गर्दीत, सिग्नलला आणि असल्या घाटात, जिथे इंजिन जोर लावतंय पण वारा नाही.

गाडी २०११ची, छोटी, पेट्रोलवरची. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण यात कंपनीचा दोष नव्हता. महत्त्वाचं एवढंच, की या गाडीला एकच पंखा आहे. रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी), दोन्ही त्याच्याच जिवावर. वाईला सासुरवाडीच्या ओट्यावर पाणी पिताना बायकोने विचारलं, "मार्चमध्ये एसीत गॅस भरला तेव्हा काय झालं होतं?" तेव्हा तक्रार अशी होती की हायवेला एसी मस्त गार करतो आणि सिग्नलला उभं राहिलं की कोमट हवा येते. मी अठराशे रुपयांचा गॅस भरून आलो होतो. फरक शून्य पडला होता, आणि मी म्हणालो होतो की यंदा ऊनच जास्त आहे. पंखा म्हणजे निदान दोन महिने तरी बंद होता. मी काही बोललो नाही, पोह्यांची ताटली पुढे ओढली.

संध्याकाळी तिथल्या एका मेकॅनिकला गाडी दाखवली. त्याने एसी लावून बघितला, पंखा फिरला नाही. पंख्याच्या कपलरला, म्हणजे वायरींच्या जोडाला, मीटर लावला, मान हलवली. "करंट येतोय साहेब, मोटर गेली. पंखा मागवायला लागेल, सोमवारी मिळेल. नाहीतर डायरेक्ट करून देतो."

डायरेक्ट म्हणजे काय ते आपल्याकडे गाडी बाळगणाऱ्याला सांगायला नको. बॅटरीवरून दोन वायरी थेट पंख्याला ओढायच्या, मधे एक बटण, ते स्टिअरिंगखाली लोंबकळत सोडायचं. काटा वर गेला की आपण बटण दाबायचं. मी नको म्हणालो. मग त्याने दुसरा उपाय सुचवला, थर्मोस्टॅट काढून टाकू. हाही आपल्याकडचा लाडका उपाय. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कुलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. ती काढली की थंड इंजिन बराच वेळ थंडच राहतं, पेट्रोल जास्त पितं, आणि पंख्याचा प्रश्न आहे तिथेच राहतो. त्यालाही नको म्हणालो.

रविवारी पहाटे साडेपाचला निघालो. परतीच्या वाटेला बोगदा आहे, घाट चढावा लागत नाही, आणि त्या वेळी रस्ताही मोकळा. काट्यावर डोळे लावून पुण्यात पोचलो. त्यानंतर दोन आठवडे गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणि मी स्कूटरवर.

मी काही मेकॅनिक नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा आहे, पण नोकरी पूर्ण वेगळी. मीटर घरात असतो, तो कसा धरायचा ते माहीत आहे, आणि त्या अर्धवट माहितीनेच पुढचा घोळ घातला.

पहिल्या शनिवारी सकाळी सुरुवात फ्यूजपासून. बॉनेटखालच्या डबीत पंख्याचा ३० अँपिअरचा फ्यूज असतो. काढला, उन्हात धरला, तार शाबूत. तरी मीटरने तपासला, कारण बारीक तडा डोळ्याला दिसत नाही. फ्यूज ठणठणीत. मग रिले, म्हणजे हुकूम मिळाला की पंख्याकडे वीज सोडणारा स्विच. त्याच डबीत हॉर्नचा रिलेही तसाच, नंबरासकट तोच. अदलाबदल केली. पंख्याच्या रिलेवर हॉर्न जोरात वाजला, हॉर्नच्या रिलेवर पंखा गप्पच. म्हणजे रिले निर्दोष. हॉर्न वाजवून खात्री करत असताना दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी "कोण आहे रे" म्हणून ओरडलं, ते सोडा.

मग सेन्सर. इंजिनाचा संगणक कुलंटचं तापमान सेन्सरवरून वाचतो आणि ठरावीक आकडा आला की रिलेला हुकूम सोडतो. सेन्सर खोटं बोलत असेल तर पंखा लागणारच नाही. माझ्याकडे गाडीच्या संगणकाला जोडायचं ओबीडीचं छोटं ब्लूटूथ यंत्र आहे, फोनवर आकडे दाखवतं. गाडी उभी ठेवून चालू केली. ८५, ९०, ९४. ९८ला डबीतून "टक्" असा आवाज आला. बोट रिलेवर ठेवलं होतं, बोटालाही ठोका जाणवला. म्हणजे सेन्सर खरं बोलतोय, संगणकाने हुकूम दिलाय, रिलेने तो पाळलाय. पंखा स्थिर. १०३ला इंजिन बंद केलं.

खात्रीसाठी आणखी एक केलं. इंजिन थंड असताना सेन्सरचा कपलर काढला आणि नुसती चावी ऑन केली. बऱ्याच गाड्यांचे संगणक सेन्सर हरवला की जपून वागायचं म्हणून पंखा कायमचा लावून ठेवतात. इथेही लगेच "टक्". पुढच्या सगळ्या तपासण्यांना याचा फार उपयोग झाला. इंजिन न तापवता, शांतपणे, हवा तितका वेळ पंख्याचा हुकूम चालू ठेवता येतो. (चावी ऑन असताना पंख्याच्या पात्यांजवळ हात नेऊ नका. आत्ता मुडदा वाटणारा पंखा पुढच्या क्षणी फिरू शकतो. आणि गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाबाखाली शंभर अंशांच्या वरचं पाणी असतं, झाकण सैल झाल्याबरोबर उसळून तोंडावर येतं.)

आता राहिला पंख्याचा कपलर. दोन वायरी, एक निळी, एक काळी. कपलर सोडवला आणि गाडीकडून येणाऱ्या बाजूच्या दोन पिनांना मीटर लावला. १२.३ व्होल्ट.

झालं. वाईचा मेकॅनिक बरोबर होता. दारापर्यंत वीज येतेय, आत मोटर मेलेली आहे. यापेक्षा सरळ निष्कर्ष काय असणार? त्या दुपारी नाना पेठेत गेलो आणि बत्तीसशे रुपयांचा पंखा घेऊन आलो. कंपनीचा नव्हे, बाहेरचा, पण मोटर जड आणि नीट वाटली. दुकानदाराने बिलावर बोट ठेवून सांगितलं, "इलेक्ट्रिकल माल परत घेत नाही." मी म्हटलं, प्रश्नच नाही.

रविवारी दहा नंबरच्या पान्ह्याने चार बोल्ट काढले, बोटांची सालटी काढली, जुना पंखा खोक्यासकट वर ओढला, नवा खाली सोडला, कपलर जोडला, चावी ऑन. "टक्."

पंखा फिरला नाही.

तिथेच पेव्हर ब्लॉकवर बसलो. थोड्या वेळाने, जे काम सगळ्यात आधी करायला हवं होतं ते केलं. जुन्या पंख्याच्या पिनांना दोन वायरी लावल्या आणि थेट बॅटरीला टेकवल्या. पंखा मांडीवर होता. भर्रकन असा उसळला की हातातून सुटून पडला असता. जिची मी तिरडी बांधली होती ती मोटर माझ्यासमोर धडधाकट फिरत होती.

संध्याकाळी मामांना फोन केला. मामांचं कोरेगावला मोटर वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या आणि बोअरच्या जळालेल्या मोटरी येतात, मामा तांबं भरून परत देतात. चारचाकी गाडीला त्यांनी आयुष्यात हात लावलेला नाही. फोन केला तो खरं तर रडगाणं गायला.

"दोन्ही पंखे चांगले आहेत मामा, आणि पिनेवर बारा व्होल्ट येतायत. मग फिरत का नाही?"

"बारा कशावर बघितलंस?"

"मीटरवर."

"आणि तवा पंखा जोडलेला हुता का सोडलेला?"

"सोडलेला. पिना मोकळ्या असल्याशिवाय मीटर कसा लावणार?"

मामा हसले. "आरं, मग तू नळाच्या तोंडाला बोट लावून दाब बघितलास. बोट लावलं की दाब येतोयच, पाइप आत कितीबी तुंबलेला असू दे. बोट काढ आन् धार बघ. मीटर काय ओढतोय? कायबी न्हाई. आमच्याकडं शेतकरी रोज येत्यात, टेस्टर पेटतोय पर मोटर गुरगुरतीया म्हणून. मी म्हणतो, टेस्टर ठेव घरात, बल्ब लाव. बल्ब खातो, मग कळतंय लाइनीत दम हाय का न्हाई."

डिप्लोमा मी केला होता. मीटरचा आतला रोध दहा मेगाओहम, त्याने ओढलेला करंट जवळजवळ शून्य, म्हणून वाटेत चार-पाच ओहमचा अडथळा असला तरी त्यावर व्होल्ट पडतच नाहीत आणि मीटर निरागसपणे पूर्ण बारा दाखवतो. हे सगळं परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पंख्याला आठ-दहा अँपिअर लागतात, आणि तेवढा करंट निघायला लागला की तोच चार-पाच ओहम सगळे व्होल्ट गिळून टाकतो, पंख्याच्या वाट्याला उरतो एखादा व्होल्ट. हे सगळं मला येत होतं. फक्त कपलर हातात धरून पार्किंगमध्ये उकिडवं बसलेलं असताना आठवलं नाही.

पुढच्या शनिवारी घरात पडलेला हेडलाइटचा जुना बल्ब शोधला. ५५ वॅटचा, चांगल्या बॅटरीवर साडेचार अँपिअर ओढणारा. पंख्याच्या कपलरला त्याच्या दोन वायरी जोडल्या, सेन्सर काढून चावी ऑन केली. हा बल्ब खरा पेटला तर त्याच्याकडे बघवत नाही. त्या दिवशी तो पेटला उदबत्तीच्या टोकासारखा, लाल, मरगळलेला. तो बघून मला जो आनंद झाला तो बायकोला समजावून सांगता आला नाही.

आता बल्ब पेटलेला ठेवूनच मीटर फिरवायचा. बॅटरीच्या दोन टोकांवर १२.१. बल्बच्या दोन पिनांवर ३.४. म्हणजे मधल्या वाटेत पावणेनऊच्या आसपास व्होल्ट कुठेतरी हरवतायत. एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं कपलरच्या निळ्या वायरीला: ०.२. म्हणजे फ्यूज, रिले, येणारी वायर, सगळं स्वच्छ. मग एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं काळ्या वायरीला. इथे शून्याच्या जवळपास काहीतरी दिसायला हवं, कारण दोन्ही अर्थच, म्हणजे करंट परत जाण्याची बाजू. आकडा आला ८.५.

सापडला. येणाऱ्या बाजूला मी फ्यूज, रिले, सेन्सर असं सगळं उकरून काढलं होतं, आणि परत जाणाऱ्या काळ्या वायरीकडे एकदाही बघितलं नव्हतं. वाईच्या मेकॅनिकने नाही, मीही नाही. करंट "येतो" असं आपण म्हणतो ना, तिथेच फसगत होते. त्याला परतही जायचं असतं.

काळी वायर टेपमध्ये गुंडाळलेल्या जुडग्यातून बॅटरीच्या ट्रेखाली जात होती. मीटरचं टोक बॉडीच्या उघड्या पत्र्याला लावलं तर तिथून बॅटरीच्या मायनसपर्यंत काही हरवत नव्हतं, म्हणजे बॅटरीची मोठी अर्थ ठीक. अडचण काळ्या वायरीच्या शेवटच्या टोकाला. ट्रेखाली बोटं घातली. एक बोल्ट हाताला लागला आणि चटका बसला. पाच मिनिटं पेटलेल्या बल्बचे हरवलेले व्होल्ट तिथे उष्णता होऊन बसले होते.

बॅटरी काढली (आधी मायनस, मग प्लस), प्लास्टिकचा ट्रे काढला. खाली पांढऱ्या-हिरव्या भुकटीचा ढीग. आधीची बॅटरी पाझरायची हे मला आठवत होतं. ती बदलताना वरचे टर्मिनल स्वच्छ केले होते, खाली कोण बघतो. अॅसिड ट्रेच्या भोकातून ठिबकत बरोबर त्या बोल्टवर पडत राहिलं असणार. बोल्टखालचा गोल लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) मोरचुदासारखा हिरवानिळा झाला होता. ओढल्याबरोबर वायर लगमधून सुटून हातात आली. तांब्याच्या पंचवीस-तीस तारांपैकी चार-पाच शिल्लक, त्याही काळ्या. त्या लगवर फक्त पंख्याचीच वायर होती, म्हणून गाडीतलं बाकी काही बंद पडलं नव्हतं.

तेव्हा एक गोष्ट लक्षात आली आणि जरा गार पडलो. वाईत मी "डायरेक्ट"ला हो म्हटलं असतं तर पंखा लगेच फिरला असता. दोन्ही वायरी बॅटरीवरून आल्या असत्या, कुजलेली अर्थ आपोआप बाजूला पडली असती. आणि गाडीचं वायरिंगच गेलंय अशी मेकॅनिकची, माझी, सगळ्या सासुरवाडीची खात्री झाली असती.

दुरुस्तीला सांगण्यासारखं फार काही नाही. गरम पाण्यात खायचा सोडा कालवून त्या जागी ओतला, अॅसिड फसफसून मेलं, मग साध्या पाण्याने धुतलं. पॉलिश पेपरने पत्रा घासून पांढरा केला. काळी वायर मागे कापत गेलो. पहिल्या दोन इंचांपर्यंत आतलं तांबं काळंच निघत होतं, चौथ्या इंचाला लालसर, चमकदार तांबं लागलं. तिथून नवी जाड वायर जोडली, कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून आणलेला वीस रुपयांचा लग दाबून बसवला, बोल्ट आवळला, वर व्हॅसलिनचा जाड थर. पुन्हा बल्ब लावला. पार्किंगची भिंत उजळली. अर्थेच्या बाजूला आता ०.०५.

पंखा जोडला, सेन्सर परत लावला आणि इंजिन चालू करून फोन हातात धरून उभा राहिलो. मुलगी आकडे वाचत होती. नव्वद. त्र्याण्णव. शहाण्णव. अठ्ठ्याण्णवला "टक्" आणि पाठोपाठ भर्रर्र. दीड मिनिटाने ९२ला बंद झाला. परत चढला, परत लागला. हे आम्ही चार वेळा बघितलं. दुसऱ्या मजल्यावरचे काका खिडकीतून म्हणाले, "झालं का एकदाचं?"

एसी लावला. उभ्या गाडीत दोन मिनिटांत गार हवा. बायको खाली येऊन गाडीत बसली, समोर हात धरला आणि म्हणाली, "अठराशे." मग काच वर केली.

नवा पंखा गाडीतच राहू दिला, पुन्हा सालटी काढायची हौस नव्हती. जुना माळ्यावर टाकणार होतो, पण मामा म्हणाले, टाकू नको, इकडं पाठव. एसटीच्या पार्सलने पाठवला. गणपतीनंतर मामांचा फोन आला. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर तो पंखा लावून खळ्यात घेवडा उफणला होता.

"वारं झकास हाय," मामा म्हणाले. "आन् तुझी मोटर गेल्याली नव्हती बरं का."